पोळ्यानंतर मुंबईला निघालात?



पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नाही, तोवर गणपती बसले आणि उठलेही. धान पोटरीला आले, मिरचीच्या रोपाने जीव धरला, सोयाबीनच्या शेंगा भरत आहेत. निंदण-डवरणीची घाई संपली आणि कापणीची अजून लागायची आहे. आपल्या भिवापूर-उमरेड भागात वर्षातून असे आठ-पंधरा दिवस हाती लागतात आणि ते बहुधा पितृपक्षातच येतात. घरच्या तिथीचे पान वाढून झाले की पुष्कळ घरांत विषय निघतो, चार दिवस मुंबई पाहून यावी. भाचा डोंबिवलीला नोकरीला आहे, मुलगी कल्याणला दिली आहे, म्हातारीला एकदा समुद्र दाखवायचा राहून गेला आहे.

विचार चांगला आहे आणि वेळही चांगली आहे. या पंधरवड्यात लग्नाचे मुहूर्त नाहीत, शाळांना सुट्ट्या नाहीत, दिवाळीच्या गर्दीला अवकाश आहे. गाडीत जागा मिळते, लॉजचे भाव उतरलेले असतात. पाऊस मात्र पुरता गेलेला नसतो. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, तेव्हा छत्री सोबत असू द्या. निघण्याआधी वावरात एक चक्कर टाकायला विसरू नका. धानाचे तुडतुडे बुडाशी असतात, वरून दिसत नाहीत. चार ठिकाणी चूड हलवून पाहा. मिरचीची पाने वरच्या बाजूला मुरडत असतील तर फुलकिडे आणि खालच्या बाजूला मुरडत असतील तर कोळी, एवढे शेजाऱ्याला सांगून जा म्हणजे तुमच्या मागे तो लक्ष ठेवील.

या सदरात एरवी आपण खताच्या मात्रा आणि किडी-रोग बोलतो. आजचा विषय प्रवासाचा आहे. पंचायत समितीत परवान्याच्या, अनुदानाच्या कामासाठी मंडळी येतात. काम झाले की गोष्टी निघतात, आणि मुंबईच्या गोष्टींत निम्म्या वेळा कोणीतरी कोणालातरी गंडवलेले असते. सांगणारा हसत सांगतो, पण गेलेला पैसा कापसाचा, धानाचा असतो.

पुष्कळांची समजूत अशी की गर्दी नसते तेव्हा ठकही कमी असतील. तसे नाही. हंगामात बाजार मिरचीने लाल झालेला असतो तेव्हा तुमच्या एका पोत्यामागे कोणी दलाल धावत नाही. तेच पोते अवेळी घेऊन उतरा, चार हात पोत्यात खुपसायला येतात. शहराचेही असेच. दिवाळीत आणि मे महिन्यात लॉजच्या दलालाला दिवसाला दहा गिऱ्हाइके सहज मिळतात. पितृपक्षात दोनच मिळाली तर त्या दोघांकडूनच त्याला दिवस काढायचा असतो. गाडीतून उतरून गाठोडे खांद्यावर घेऊन तुम्ही इकडेतिकडे पाहता, तेवढ्यात त्याने तुम्हाला हेरलेले असते.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. पावसाळ्यात काही ठिकाणे खरोखरच बंद असतात. आपल्या जवळचेच पाहा, ताडोबाचा गाभ्याचा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्याचे महिने बंद असतात, मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूकही बंद असते. हे सर्वांना अर्धवट ठाऊक असते, म्हणून "ते तर आज बंद आहे साहेब" ही थाप पटकन खपते. आणि याच्या उलटही चालते. जे खरोखर बंद आहे त्याचेच पॅकेज विकून आगाऊ पैसे घेणारेही असतात. गोवा-मालवणकडे पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असताना त्यांचे पैसे कोणी मागत असेल, तर तो काय विकतो आहे हे समजून घ्या. पूर्ण खोट्यापेक्षा अर्धे खरे ओळखणे कठीण. बोगस बियाण्याच्या पिशवीतही थोडे बी उगवतेच की.

आता तिकिटाचे. आपली नागपूर-नागभीड छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे नागपूरपर्यंत एसटीच. एसटीत बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील म्हाताऱ्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही. ओळखपत्र तेवढे दाखवावे लागते. तेव्हा स्टँडबाहेर उभा राहून "आमच्या गाडीत स्वस्तात" म्हणणाऱ्याचा हिशेब आधी करून पाहा, घरात दोन बाया आणि एक आजी असेल तर एसटीच स्वस्त पडते. नागपूरहून मुंबईला विदर्भ, सेवाग्राम, दुरांतो या ठरलेल्या गाड्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, पूर्वी १२० दिवस होते. "पक्के तिकीट काढून देतो" म्हणणारा कधी कधी दुसऱ्याच कोणाच्या नावाचे तिकीट हातात देतो. गाडीत तिकीट तपासनीस ओळखपत्र मागतो आणि नाव जुळले नाही की तुम्ही बिनतिकीट ठरता. तिकिटावर नाव, वय आणि तारीख स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. १३९ या रेल्वेच्या नंबरवर पीएनआर सांगितला की तिकीट पक्के आहे की प्रतीक्षेत, ते कळते. मोबाइलवर काढलेले तिकीट शेवटपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिले तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. ते घेऊन गाडीत बसता येत नाही, एजंट काहीही म्हणो.

राहण्याच्या खोलीचे आगाऊ पैसे भरू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने इशारा दिला होता की यात्रेकरू आणि प्रवासी यांना फसवण्यासाठी हॉटेल, विश्रामगृह, टॅक्सी, सहली यांची हुबेहूब खोटी संकेतस्थळे काढली जातात, आणि मोबाइलवर शोधले की जाहिरातीच्या जोरावर तीच वर येतात. फोटो खरा, नाव खरे, नंबर मात्र ठकाचा. दिवाळीत खोली मिळण्याची मारामार असते, तेव्हा माणूस घाबरून पैसे भरतो. पितृपक्षात ती घाई कशासाठी? खोल्या रिकाम्या असतात. जाऊन पाहा, पंखा लावून पाहा, नळ सोडून पाहा, मग पैसे द्या. आणि भाव पाडून मागायला लाजू नका. आपल्या मालाचा भाव व्यापारी आपल्या तोंडावर पाडतो, तेव्हा तो लाजतो का?

लॉजवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: दिवस कसा मोजता, चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? आपल्या गाड्या रात्रभर चालून सकाळी मुंबईला पोचतात. सकाळी सातला खोली घेतली आणि त्यांचा दिवस बाराला संपत असेल, तर पाच तासांचे एक दिवसाचे भाडे होते आणि बारानंतर दुसरा दिवस लागतो. यात बेकायदेशीर काही नाही, तुम्ही विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही इतकेच. पण तिघांच्या कुटुंबाला याचा फटका मोठा बसतो. बिलावर जीएसटी पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. हजार रुपयांच्या खोलीला कोणी १८ टक्के लावत असेल तर पावती मागा, बहुतेक वेळा पावतीचे नाव काढताच टक्के उतरतात.

आता उतरण्याचे ठिकाण. बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी आणि २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही सगळी एकाच स्टेशनची नावे. म्हाताऱ्यांना एक नाव ठाऊक, पोरांना दुसरे, आणि टॅक्सीवाल्यासमोर घरातच वाद, असे होऊ देऊ नका. या स्टेशनबाहेर किंवा दादरला तुम्हाला ऑटोरिक्षा मिळणार नाही. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापासून आणि पूर्वेला शीवपासून पुढे उपनगरात चालते, त्याअलीकडे शहरात काळीपिवळी टॅक्सी आणि बेस्टची बस. दोन्ही वाहने मीटरने चालतात. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये भाडे झाले. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. नागपुरात आपल्याला रिक्षाचा भाव ठरवून बसायची सवय आहे आणि मुंबईत तीच सवय आपल्याला मारते. आपण "किती घेशील?" असे विचारले की नवखेपण उघडे पडते. विचारायचे नाही, बसताना "मीटर टाका" एवढेच म्हणायचे. तो नाही म्हणाला तर पुढची टॅक्सी. काही गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला जातात. तेथे उतरलात तर रिक्षावाल्यांच्या गराड्यात अडकू नका, टिळकनगरचे लोकल स्टेशन जवळच आहे.

लॉजपर्यंत आपणहून सोबत येणारा माणूस फुकट चालत नाही. त्याचे कमिशन तुमच्या भाड्यात बसते. तोच माणूस नसता तर तीच खोली तुम्हाला कमी पैशांत मिळाली असती. शिर्डीला जाणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक असेल, तेथे अशा माणसांना पॉलिशवाले म्हणतात. गाडी थांबायच्या आत ते दाराशी असतात, दर्शनाची माहिती सांगतो म्हणून हार-प्रसादाच्या दुकानात नेऊन बसवतात आणि पूजेच्या ताटाचे भलतेच पैसे होतात.

पाहण्याच्या ठिकाणांचे साप्ताहिक सुट्टीचे वार पाठ करा, म्हणजे "बंद आहे" म्हणणाऱ्याचे अर्धे बळ गेले. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. राणीचा बाग बुधवारी बंद. इतर वारी टॅक्सीवाला बंद आहे म्हणाला, तर त्याला म्हणा, बंद दारापर्यंतच सोड बाबा. राणीच्या बागेत २०१७ मध्ये मोठ्या माणसाला ५० रुपये आणि आई-वडील व दोन मुले मिळून १०० रुपये असा दर केला होता. कुटुंबाचे तिकीट आहे का, हे खिडकीवर विचारायचे असते, कोणी आपणहून सांगत नाही. चैत्यभूमीला पैसे लागत नाहीत. सिद्धिविनायकाच्या रांगेतून दर्शनालाही लागत नाहीत, तेव्हा बाहेरच्या बाहेर "लवकर दर्शन" विकणाऱ्याकडे पाहूही नका. पितृपक्षात मंगळवार सोडला तर गर्दी तशीही बेताचीच.

घारापुरीची बोट गेटवेहून सुटते. तिकीट खिडकीवर काढा, जाण्या-येण्याचे एकत्र असते, परतीचा तुकडा जपून ठेवा. समुद्र खवळलेला असेल तर बोटी थांबवतात. अशा दिवशी "आमची खास बोट जाते" म्हणणाऱ्याच्या बोटीत बसणे ही काही पैशांचीच जोखीम नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी भर दुपारी, हवा चांगली असताना, नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसे गेली. जीवरक्षक जाकीट अंगात घालूनच बसा, मुलांना आधी घाला. बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा छोटासा कर घेतात, तो खरा आहे, पावती घ्या. वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत. म्हातारीसाठी डोली करायची तर भाव पायथ्याशी ठरवा आणि तो जाण्या-येण्याचा आहे की नुसता जाण्याचा, हे चारचौघांसमोर वदवून घ्या. गेटवेवर फोटोवाले एका फोटोचा भाव सांगतात आणि दहा फोटो छापून आणतात. एकच पाहिजे हे आधी बजावा, आणि जास्तीचे दिले तर घेऊ नका. कुलाब्याच्या बाजूला लेकरू कडेवर घेतलेली बाई पैसे नको, पोरासाठी दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन द्या म्हणते. आपल्या बायकांचे मन लगेच द्रवते. डबा महागाचा असतो, दुकान तिने दाखवलेले असते आणि तुम्ही वळलात की डबा परत दुकानात जातो. भुकेल्याला वडापाव घेऊन द्या.

वस्तूंचे थोडक्यात सांगतो. रस्त्यावर स्वस्तात विकला जाणारा मोबाइल घेऊ नका; डबा तुमच्या समोर बंद होतो आणि घरी उघडल्यावर आत साबणाची वडी निघते. भिवापुरी म्हणून दुसरीच मिरची कोणी गळ्यात मारू पाहिली तर तुम्ही देठ आणि साल पाहून एका क्षणात ओळखाल. जी वस्तू तुम्हाला अशी ओळखता येत नाही, ती रस्त्यावर घेऊ नका.

आता जे सांगायचे आहे त्यासाठीच आजचा विषय घेतला.

आमच्या तालुक्यातल्या एका घरची गोष्ट आहे. गाव सांगत नाही. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई असे तिघे पितृपक्षात मुंबईला गेले. दुपारी दोनचा सुमार, दादरच्या आतल्या गल्लीत रहदारी नाही. मोटारसायकलवर दोघे आले. केस बारीक कापलेले, पायात तपकिरी बूट, गळ्यात ओळखपत्र. म्हणाले, आम्ही पोलीस, पुढच्या चौकात आताच एका बाईला चाकू मारून दागिने नेले, तुम्ही असे सोने घालून कसे फिरता? तेवढ्यात एक सभ्य दिसणारा गृहस्थ तेथून चालला होता. त्यालाही त्यांनी दरडावून थांबवले. त्याने निमूटपणे गळ्यातली साखळी काढली, पोलिसांनी ती कागदात बांधून त्याला परत दिली, तो धन्यवाद म्हणून गेला. हे पाहिल्यावर आजीनेही गोफ आणि दोन पाटल्या काढल्या, सुनेने पोत काढली. त्यांच्या डोळ्यांदेखत कागदाची पुडी बांधून पिशवीत ठेवली गेली. लॉजवर येऊन पुडी उघडली तर आत लोखंडी कड्या आणि खडे.

तो सभ्य गृहस्थ त्यांच्यातलाच होता. सगळे नाटक त्याच्यावर उभे असते. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपण अंगावरचे सोने काढत नाही, पण आपल्यासारख्याच तिसऱ्या माणसाने काढलेले पाहिले की हात आपोआप गळ्याकडे जातो. मिरचीवर कोणते औषध मारायचे, ते शेजाऱ्याच्या वावरात पाहून ठरवतो ना आपण, तसेच. मुंबईतच असे घडते असे नाही, नागपूर, पुणे, नाशिक सगळीकडे तोतया पोलिसांची हीच रीत आहे. याचाच दुसरा अवतार म्हणजे "शेठला मुलगा झाला, गरीब बायांना साड्या वाटतो आहे, दागिने काढून ठेवा म्हणजे गरीब दिसाल". म्हाताऱ्या एकट्या बायांना गाठून हा डाव टाकतात.

त्या घराचे किती गेले हे तोळ्यांत सांगून उपयोग नाही. तो गोफ आणि पाटल्या दर जूनमध्ये सोनेतारण म्हणून जात, त्यावर बियाणे-खत येई, आणि मिरची विकल्यावर सोडवून आणले जात. आजीच्या अंगावर ते वर्षातून काही महिनेच असायचे. ते त्या घराचे शेतीचे भांडवल होते. पुढच्या खरिपात त्यांना सावकाराकडे जावे लागले आणि मिरचीचे क्षेत्र अर्ध्यावर आले.

त्या माणसाने तक्रार केली नाही. मला म्हणाला, "साहेब, कोणाले सांगू नोका जी. लोक हासतीन. गावात त सांगतलं का गाडीत चोरी झाली." आणि घरात मात्र सगळा दोष आईवर गेला. आधी हिनेच काढले म्हणून. सुनेनेही काढले होते, मुलगा शेजारीच उभा होता आणि तोही काही बोलला नव्हता, हे कोणी काढत नाही. ती म्हातारी त्यानंतर कोणाच्या घरच्या कार्याला गेली नाही. चोरांनी सोने नेले. घरच्यांनी तिचे जे नेले त्याची तक्रार कोणत्या ठाण्यात द्यायची? हे मी त्याच्या तोंडावर बोललो आहे, म्हणून येथे लिहितो.

कोणताही खरा पोलीस रस्त्यात कोणाला दागिने काढायला सांगत नाही, बांधून तर देतच नाही. असे कोणी म्हटले तर म्हणा, ठाण्यात चला, तेथे काढतो. मोठ्याने म्हणा. बाजूच्या दुकानात शिरा. ११२ नंबर लावा, खरा पोलीस असेल तर त्याला राग यायचे कारण नाही. आणि सोने नेण्याचीच गरज काय? काळी पोत गळ्यात असली की पुरे.

तक्रारीचे आणखी एक ध्यानात घ्या. मुंबईत घडले म्हणून मुंबईलाच तक्रार द्यायला हवी, पुन्हा फेऱ्या कोण मारणार, असे लोक म्हणतात. १ जुलै २०२४ पासून जो नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा लागू झाला, त्यात गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ते ठाणे नोंद करून पुढे योग्य ठाण्याकडे पाठवते. याला झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे परत आल्यावर भिवापूरच्या ठाण्यातही तक्रार देता येते, आणि तिची प्रत फुकट मिळते. सोने परत मिळेलच असे मी सांगत नाही. पण टोळी दुसरीकडे सापडली आणि तिच्याजवळ तुमची पाटली निघाली, तर ती तुमची हे सांगणारा कागद कोठेतरी असायला पाहिजे. सोनाराची पावती आणि तारणाच्या वेळचा वजनाचा कागद जपून ठेवा. बियाण्याचे बिल आणि पिशवीचा टॅग हंगाम संपेपर्यंत ठेवा असे आम्ही सांगतो, त्यामागे हेच कारण असते.

मोबाइलवरच्या पैशांचे थोडेसे. पैसे देताना पिन लागतो, पैसे घेताना लागत नाही. लॉजवाला "अनामत परत करतो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका" म्हणाला, तर तो परत करत नाही, घेतो आहे. दुकानात पैसे पाठवताना पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचून मगच पुढे जा. पैसे गेलेच तर भाच्याला विचारू, घरी जाऊन पाहू, असे करत बसू नका. तिथल्या तिथे १९३० ला फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. लवकर कळवले तर गेलेली रक्कम ठकाच्या खात्यात अडवता येते, उशीर झाला की ती चार खात्यांतून पसार होते. पिकावर कीड दिसल्या दिवशी फवारणी आणि आठ दिवसांनी फवारणी यातला फरक तुम्हाला मी काय सांगावा. प्रवासाला जाताना ज्या खात्यात पीकविम्याचे, विक्रीचे पैसे आहेत ते खाते मोबाइलला जोडलेले नसलेले बरे. दुसऱ्या खात्यात चार दिवसांपुरते पैसे ठेवा.

लोकलमध्ये दंड मागणारा खरा तपासनीस आहे का, हे त्याचे ओळखपत्र पाहून ठरवा आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका. मात्र चुकून पहिल्या वर्गाच्या किंवा वातानुकूलित डब्यात चढलात तर दंड खरा असतो, किमान २५० रुपये आणि वर भाडे. तेथे हुज्जत घालू नका. गाडीत शेजारच्याने दिलेला चहा-बिस्किट गोड बोलून नाकारा; गुंगीचे औषध हा जुनाच प्रकार आहे, अजून चालतो. पाणी स्टेशनवर घ्यायचे तर रेल नीरची लिटरची बाटली २२ सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना झाली, वीस मागितले तर छापील किंमत दाखवा.

एवढे वाचून कोणी म्हणेल, साहेबांनी मुंबईचा धसका घालून ठेवला. तसे करू नका. बेस्टच्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये साध्या बसला १० रुपये झाले, पण तो कंडक्टर तुम्हाला उतरायचा थांबा आठवणीने सांगेल. लोकलमध्ये बायांच्या डब्यात म्हातारीला उठून जागा देणाऱ्या मुली भेटतील. एक खूण सांगतो. मुंबईत तुम्हाला मदत करणारा माणूस बहुधा तुम्ही विचारल्यावर थांबतो, सांगतो आणि आपल्या घाईत निघून जातो. जो आपणहून आला, ज्याला घाई नाही आणि जो सोबत चालू लागला, त्याच्याबद्दल विचार करा.

निघण्याच्या आदल्या रात्री आजीच्या बटव्यात एक चिठ्ठी ठेवा. नाव, गाव, भाच्याचा पत्ता आणि दोन मोबाइल नंबर, मोठ्या अक्षरांत. मोबाइल हरवला तर कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो. चुकामूक झाली तर कोठे थांबायचे तेही घरीच ठरवा. परतीच्या दिवशी बोरीबंदरला थोडे लवकर पोचा. तेथे १ ते ७ फलाट लोकलचे आणि ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे आहेत. गाठोडी घेऊन लोकलच्या बाजूला धावाधाव होते.

परत याल तोवर लवकर पेरलेल्या सोयाबीनची पाने पिवळी पडू लागलेली असतील. कापणी कधी करावी आणि मळणीच्या वेळी दाण्यात ओलावा किती असावा, ते पुढच्या आठवड्यात पाहू.